आठवा हंगाम

आमच्या परळच्या कॉलेजात फुटबॉल सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा क्रीडा विभागाच्या सुमेधा मॅडमनी मला फोन केला.

"शंतनु, तू संघात होतास, लिहितोसही बरा. प्रत्येक हंगामाचं एकेक पान दे. पुस्तिका काढायचीय."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर वर्षं मोजली. आठवा हंगाम माझा होता.

पहिली सात पानं भराभर झाली. २००१ साली अकरापैकी चौघांकडेच बूट होते. पहिला सामना संघ नऊ गोलांनी हरला. पहिला विजय चौथ्या वर्षी, तोही समोरचा संघ आलाच नाही म्हणून. सातव्या वर्षी उपांत्य फेरी.

आठव्यावर हात अडला. ते पान कोरं सोडून मी पुढचे सगळे हंगाम लिहून काढले, अगदी साथीमुळे न खेळलेलासुद्धा.

२००८ साली आम्ही थेट अंतिम सामन्यात पोचलो होतो. भोईवाड्याचा संघर्ष जाधव कप्तान. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या गोलात शिरणार, एवढ्यात गर्दीत उडी मारून मी तो हाताने बाहेर ढकलला. संघर्ष माझ्या पुढेच होता, त्याचाही हात वर. पंचांनी लाल कार्ड त्याला दाखवलं. पेनल्टीवर गोल झाला, आम्ही हरलो. संघर्षवर वर्षभर बंदी आली. एका कंपनीने संघात घेऊन नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, तेही बारगळलं. मी गप्प बसलो. आधी भीतीने, मग फार उशीर झाला म्हणून.

रविवारी सकाळी गिरगावातून निघालो आणि भोईवाड्यात त्याच्या दारात उभा राहिलो. संघर्ष आता एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्याची आई, कौसल्यामावशी, मेथी निवडत बसल्या होत्या.

"संघर्ष, तो हात माझा होता."

"कुठला हात?"

"फायनलचा."

मावशींची बोटं थांबली.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की. या बोटांना लागला होता चेंडू."

तो ओरडला नाही. खाली बसला. "सतरा वर्षं, शंतनु. सगळेच म्हणाले, तेव्हा मलाही वाटायला लागलं, लागला असेल आपल्याच हाताला. आईची माफी मागितली मी."

"आणि मी केलं माफ," मावशी म्हणाल्या. "माझ्याच पोरावर विश्वास नाही ठेवला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण चेहरा सैल झाला होता. "नव्हता रे तुझा हात. नव्हताच."

"तू जा आता," संघर्ष मला म्हणाला.

मी जिना उतरत होतो, तोच वरून हाक आली. "पुस्तिकेत लिहिणारेस?"

"तुला चालत असेल तर."

"चालत असेल म्हणजे? लिहायचंच. नाव घालून. 'गैरसमज झाला' वगैरे नको. हाताने ढकललास, असं लिही."

तसंच लिहिलं. आठ ओळी झाल्या.

प्रकाशनाला तो आला; सोबत मावशी आणि त्याची मुलगी अक्षता. सुमेधा मॅडमनी ते पान मोठ्याने वाचलं. मग आमचा तेव्हाचा गोलकीपर हितेंद्र उठला. त्या सामन्यापासून तो संघर्षशी बोललाच नव्हता. त्याने जाऊन संघर्षला मिठी मारली आणि ढसाढसा रडायला लागला. बाकीचेही तिकडे गेले. अक्षता बापाचा हात धरून सगळ्यांकडे टकामका बघत होती.

माझ्याजवळ कोणी आलं नाही. चहाच्या टेबलाशी मी एकटाच उभा होतो, आणि तरी कित्येक वर्षांनी छाती भरून श्वास घेता येत होता.

थोड्या वेळाने संघर्ष आला. कप उचलला.

"तुझ्याशी नीट बोलायला मला वेळ लागेल."

"हो."

"शनिवारी मी वस्तीतल्या पोरींना खेळायला शिकवतो. बचाव शिकवायला माणूस नाही. येशील?"

"येतो."

"सात वाजता. सकाळी," तो म्हणाला आणि मावशींसाठी दुसरा कप घेऊन गेला.