मधली दोन अक्षरं

राओशीला अक्षरओळख नव्हती, आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही. जिंगदेझेनच्या शाही भट्टीत वाडग्यांच्या बुडाला दोन वर्तुळं ती काढायची आणि त्यांच्या आत बादशहाच्या कारकिर्दीची सहा अक्षरं तिचा नवरा पेइलिन लिहायचा. चाळीस वर्षं हेच. अंगण मी आखते तेव्हा हे बसतात, असं ती चारचौघींत ऐकवायची.

मग बादशहा गेला. एकसष्ट वर्षांची कारकीर्द संपून नवी लागली. सहातली चार अक्षरं तीच राहिली. मधली दोन, नावाची, तेवढी बदलली.

काम एवढंसं, पण पेइलिनच्या हाताला ते उमजेना. समोरच्या कागदावरचं नवं नाव तो बघायचा, मान डोलवायचा, आणि कुंचला आपला जुन्या वाटेने चालत जाऊन जुन्या नावाखालचे चार ठिपके देऊन थांबायचा. गेलेल्याचं नाव नव्या वाडग्यावर दिसलं की पेइलिनची भट्टीतली जागा गेलीच. राओशी चाकूने कच्ची माती हलकेच खरवडून ते नाव काढायची. नदीवरचं धुकं आत यायचं, मांडीवर पांढरी भुकटी साचायची, आणि तिला वाटायचं, म्हातारा बादशहाच पीठ होऊन येऊन बसलाय.

"अहो, तो गेला. जाऊ द्या की त्याला."

"हात ऐकत नाही गं. झोपेत चालल्यासारखा चालतो."

तेव्हापासून ती ते नवं नाव बघत बसू लागली. पहिल्या अक्षरात तिला छपराखाली बसलेला पक्षी दिसला, दुसऱ्यात बुटका बाक. नदीकाठच्या ओल्या वाळूत ती पक्षी काढायची, पाणी तो उडवून न्यायचं, ती दुसरा काढायची.

भट्टीचा कारभारी निंग परीक्षा घ्यायला आला. माझ्यासमोर लिहा, म्हणाला. पेइलिनने पहिली दोन अक्षरं लिहिली, मधल्या दोन्हींची जागा मोकळी ठेवली, शेवटची दोन लिहिली आणि वाडगा बायकोकडे सरकवला. राओशीने पक्षी बसवला, बाक ठेवला.

निंगच्या भुवया चढल्या. "लिहिणारा कोण, तो की तू?"

"राज्य हे लिहितात, साल हे लिहितात. बादशहा बदलतो, तेवढी जागा माझ्याकडे."

"वाचता येतं तुला?"

"नाही. पक्षी ओळखता येतो."

निंगने वाडगा उजेडात फिरवला. दोन हातांमधला सांधा त्याने बराच वेळ शोधला. मग म्हणाला, "एक पंख तिरका आहे."

"धुक्यात बसलाय, साहेब."

निंग हसला नाही, पण वाडगा त्याने भट्टीच्या रांगेत ठेवला आणि पेइलिनची जागा राहिली.

भट्टी उघडली तेव्हा काळपट अक्षरं निळी होऊन आली होती. पेइलिनने वाडगा उलटा करून नव्या नावावरून बोट फिरवलं आणि त्याच्याखाली, गुळगुळीत झिलईवर, चार वेळा हलकेच टेकवलं. काहीच उमटलं नाही.

राओशीने बघितलं. या वेळी चाकू लागला नाही.