ठोकळ्याचा फोन

लेक बिट्टी बालवाडीच्या वर्गात बोलत नाही, एवढ्यासाठी लिफ्टवाल्याला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली. बायकोनं बजावलं होतं, "दर वेळी मीच जाते. आता तुम्ही जा. आणि तिथे तरी तोंड उघडा." त्यानं नुसती मान डोलावली.

तसा तो कशावरच फार बोलत नसे. लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली की हा दाराशी जाऊन म्हणायचा, "घाबरू नका, दोन मिनिटं." एवढ्या भांडवलावर त्याची नोकरी बिनबोभाट चालली होती, आणि संसारही. घरी आला की फोन घेऊन खुर्चीत बसायचा. कामाचे निरोप त्यावरच येत, आणि बिनकामाचेही. आपली लेक शाळेत मिठाची गुळणी धरून का बसते, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटायचं. डॉक्टरांनी तर कान-घसा ठणठणीत सांगितला होता.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी मात्र नव्हती. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्गात बोलेल तेच मूल पहिलीत जाईल. बाकीची पोरं वरच्या वर्गात जाणार आणि बिट्टी एकटी मागे राहणार, याची त्याला धास्ती होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

वर्गात येऊन पाहतो तर अभ्यासाचा पत्ताच नाही. एका कोपऱ्यात दुकान थाटलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात दवाखाना. एक बाहुली शेवटच्या घटका मोजत होती आणि डॉक्टर तिला रागावत होता.

"नुसतं खेळतायत?" त्यानं विचारलं.

"बोलतायत," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "दुकानदार गप्प बसला तर गिऱ्हाईक जातं ना. खेळात बोलावंच लागतं."

"आणि बिट्टी?"

"ती घर-घर खेळते. रोज बाबाच होते. दुसरं काही हो म्हटलं तर ऐकतच नाही."

लिफ्टवाल्याला बरं वाटलं. खरं तर छाती थोडी फुगलीच.

"आज त्यांच्या घरात मूल कमी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही व्हा."

नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं, म्हणून तो सतरंजीवर जाऊन बसला. गुडघे कानाशी आले. समोर चिमुकल्या खुर्चीत बिट्टी पायावर पाय टाकून बसली होती. हातात एक लाकडी ठोकळा होता आणि त्यावर तिचा अंगठा वर-खाली फिरत होता. आई झालेली चष्मेवाली मुलगी रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत होती.

"बाबा, भूक लागली," लिफ्टवाला म्हणाला.

बिट्टीनं मान वर न करता एक बोट उभं केलं. थांब.

ते बोट कुणाचं आहे हे त्याला लगेच कळलं. खाण तशी माती म्हणतात, पण इथे मातीनं खाणीची हुबेहूब नक्कल चालवली होती. पोरीला बोलता येत नव्हतं असं नव्हे. ती तिचं काम चोख करत होती.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय."

बोट.

"मोठ्यानं सांग रे," चष्मेवाली म्हणाली. "त्यांना काम असतं. ते असेच आहेत, आपण चालवून घ्यायचं."

त्याला शरमल्यासारखं झालं. आता सांगायचं काय? त्याला एकच विषय येत होता.

"बाबा, मी आज लिफ्टमध्ये अडकलो."

अंगठा थांबला.

"मग?" बिट्टी म्हणाली.

दवाखान्यातला डॉक्टर पेशंट सोडून वळून पाहू लागला. वर्गानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"मग... अंधार झाला. मी ओरडलो."

"मग कुणी आलं का?"

"एक माणूस आला. दाराबाहेरून म्हणाला, घाबरू नका, दोन मिनिटं."

"मग दोन मिनिटं झाली?"

"नाही. अजून नाही झाली."

"मग तू काय केलंस?"

"वाट बघत बसलो."

बिट्टीनं समजूतदारपणे मान हलवली. "मीपण बघते," ती म्हणाली.

बाई पाठ करून उभ्या होत्या आणि खेळातल्या पुसलेल्या कपबश्या पुन्हा पुसत होत्या.

बिट्टी खुर्चीवरून उतरली. तिनं ठोकळा त्याच्या हातात दिला.

"आता तू बाबा हो," म्हणाली, आणि त्याच्या जागी सतरंजीवर मांडी घालून बसली.

खुर्ची फारच लहान होती, पण तो कसाबसा टेकला.

"बाबा, आज ना शाळेत..."

त्याचं बोट आपसूक वर आलं. बिट्टी तिथेच थांबली. तिला सवय होती.

त्यानं त्या बोटाकडे पाहिलं. मग ते मुठीत मिटलं आणि ठोकळा खुर्चीखाली ठेवला.

"मग?" तो म्हणाला.