पन्नासच्या पुढची नावे

मी एक जुना प्रश्न आहे, मित्रांनो. परीक्षेतला नव्हे. तिथल्या प्रश्नाला एकदा उत्तर मिळाले की तो सुटला. मला रोज सकाळी नव्याने धावावे लागते, म्हणून स्वस्थ बसणे मला ठाऊकच नाही.

रुग्णांच्या घरी ऑक्सिजनची यंत्रे पुरवणारे एक कार्यालय आहे. तिथल्या संगणकावर रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस हाताळण्याचे जे साधन आहे, त्यात मी राहतो. प्रत्येक यंत्र आपली खबर दूरच्या मोठ्या संगणकांकडे, म्हणजे क्लाउडकडे, पाठवत असते. ती माहिती क्षणाक्षणाला बदलते. माझे बटण दाबले की मी थेट तिथे जातो आणि विचारतो, 'कालपासून कोणाकोणाचे यंत्र बंद आहे?' मिळतील ती नावे घेऊन परत येतो.

मला लिहिले चष्मेवाल्या बाईंनी. पहिल्याच दिवशी चालू माहितीवर भार पडायला नको, म्हणून त्यांनी माझ्या शेवटी एक ओळ जोडली: फक्त पहिली पन्नास नावे आण. चाचणी झाली की ती काढायची होती. तेवढ्यात त्यांना साहेबांचे बोलावणे आले आणि ओळ राहून गेली. तेव्हा नावे मिळायची जेमतेम पंधरा, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

माझी यादी घेऊन कार्यालयातल्या काकू एकेका रुग्णाला फोन करायच्या. "आजोबा, नळी नीट बसवा. आता बटण दाबा बघू. मी धरते फोन, घाई नाही." मग बाईंना म्हणायच्या, "तुमची ही यादी म्हणजे माझा उजवा हात हो!" मी हरखून जायचो.

पुढे बाई वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला गेल्या. मला उघडून वाचणारे कोणी उरले नाही, सगळे नुसते बटण दाबत. रुग्ण मात्र वाढत गेले. एका सकाळी पाहतो तर बंद यंत्रे त्रेसष्ट! जुनी माणसे आधी, नवी मागे, असा माझा क्रम. सर्वांत शेवटी होते एक घड्याळजी. आठवड्यापूर्वीच नाव नोंदवलेले, पुढे शेरा: 'एकटे राहतात'. मी पन्नास नावे उचलली आणि मागे फिरलो. जे लिहिले आहे त्यापलीकडे मला काही करताच येत नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. घड्याळजींचे यंत्र बंदच होते. माझा जीव नुसता खालीवर होत होता, पण मला ओरडायला तोंड कुठे आहे?

तिसऱ्या सकाळी काकूंची पेन्सिल थांबली. त्यांनी बाईंना फोन लावला. "अहो, परवा पन्नास, काल पन्नास, आजही पन्नासच. कालच्यांपैकी सात जणांनी तर फोनवर असतानाच यंत्र सुरू केलं. माणसं काय मोजूनमापून आजारी पडतात?"

बाई धावत खाली आल्या. त्यांनी मला शेवटपर्यंत वाचले आणि कपाळाला हात लावला. "ही ओळ माझीच. काढायची राहिली."

त्यांनी ती पुसली. मी गेलो आणि राहिलेली सगळी नावे घेऊन आलो. काकूंनी 'एकटे राहतात' हे वाचले आणि तोच नंबर आधी फिरवला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"काका, यंत्र तीन दिवस बंद आहे! कळवलं का नाही?"

पलीकडे धाप लागली होती. "यंत्र बसवणारे म्हणाले होते... बंद पडलं तर आमचाच फोन येईल. म्हणून... फोनपाशीच बसून होतो."

काकूंनी तो फोन खाली ठेवला नाही. बाईंनी दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका पाठवली.

घड्याळजी आता बरे आहेत. बाई दर सोमवारी खाली येतात आणि मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तरी माझी धास्ती गेलेली नाही. मित्रांनो, 'नंतर काढू' म्हणून ठेवलेली एखादी ओळ तुमच्याही कामात असेल, तर ती आजच काढा. कोणीतरी फोनपाशी बसून असेल.