कौशल्येचा हिरवा

हडपसरच्या त्या सोसायटीत रंगनाथरावांना सगळे 'सर' म्हणत. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी लिफ्टमध्ये एखादा बाप पोराला पुढे ढकलून म्हणे, "सरांना विचार, ते सांगतील त्रैराशिक." मग सर आपल्या मजल्यावर न उतरता त्या पोराबरोबर वरपर्यंत जात, त्रैराशिक डोक्यात शिरल्याची खात्री करून घेत आणि मगच जिन्याने सावकाश खाली येत. घाई त्यांच्या अंगात नव्हती.

छंदही तसाच, घाई नसलेल्या माणसाचा. रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडायच्या. खोक्यात सुट्या भागांच्या चौकटी येतात. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा आणि शेवटी रंगवायचा. मुलगी पूर्णिमा दहावीला गेली तेव्हा तिच्या अभ्यासाला टेबल हवं म्हणून त्यांनी पसारा आवरला. टेबल पुढे मोकळं झालं, लेक इंजिनिअर होऊन खराडीला नोकरीला लागली, लग्न होऊन तिकडेच राहिली, पण छंद राहिला तो राहिलाच. माळ्यावर हत्यारांचा डबा होता आणि कधीच न उघडलेलं सेंच्युरियन रणगाड्याचं एक खोकं.

ते खोकं खाली निघालं ते बायकोमुळे, कौशल्येमुळे. वर्षभर तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग एकदा भाजी आणायला गेली ती गाडीतळाच्या बसथांब्यावर बसून राहिली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध लिहून देताना म्हणाले, "याने गेलेलं काही परत येणार नाही. जुन्या सवयीचं काहीतरी हातात देत चला."

जुन्या सवयीचं म्हटल्यावर रंगनाथरावांना एकच गोष्ट आठवली. त्यांच्या रणगाड्यांचा रंग कौशल्या कालवायची.

त्याचं कारण असं की रंगनाथरावांना तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नसत. तरुणपणी ते सैन्यात अधिकारी व्हायला निघाले होते. मुलाखत झाली, धावणं झालं, आणि वैद्यकीय तपासणीत त्यांच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं गेलं. ठिपक्यांत आकडा होता म्हणे. त्यांना नुसते ठिपके दिसले. परत येऊन ते गणिताचे मास्तर झाले आणि ज्या गाड्यांत बसता आलं नाही त्या टेबलावर जोडू लागले. लग्नानंतर कौशल्येने त्यांचा पहिला रणगाडा पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, वांग्याच्या रंगाचा कुठे असतो का रणगाडा?" त्या दिवसापासून रंग तिच्याकडे. स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती डब्यांच्या झाकणांत रंग कालवी. ते मागून डोकावले की म्हणे, "व्हा तिकडे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

माळ्यावरचे जुने रंग दगड झाले होते. अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यांनी नव्या नळ्या आणल्या. पहिले आठवडे त्यांचेच गेले. बोटं सवय विसरली होती. चिमट्यातून सुटलेलं चिमणीच्या डोळ्याएवढं बिजागर शोधत ते फरशीवर रांगले, तेव्हा कौशल्या पलंगावरून म्हणाली, "आता उठाल का धड, की तेही मीच बघू?" इतकं सरळ, इतकं तिचं स्वतःचं वाक्य बऱ्याच दिवसांत तिच्या तोंडून आलं नव्हतं. ते फरशीवरच बसून राहिले.

श्रावणात खालच्या भागाचा रंग करायचा दिवस आला. त्यांनी नळ्या ओट्यावर ठेवल्या आणि बाजूला झाले. कौशल्येने हिरवी पिळली, पिवळी टोचली, काळ्याचा ठिपका दिला, काडीने ढवळलं. विचारलं नाही, अडली नाही. तयार झाकण त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या. आणि पातळ थर द्या, नेहमीसारखा चिखल करू नका."

त्याच सुमारास पूर्णिमाने विषय काढला. वाघोलीच्या पुढे अशा रुग्णांसाठी एक घर होतं, नर्स होत्या, कुंपण होतं. ती पाहून आली होती.

"बाबा, तुमचंही वय झालंय. एक दिवस तुम्ही पडाल आणि आईला फोनसुद्धा लावता येणार नाही."

"तिला रंग कळतात अजून," रंगनाथराव म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझं नाव ती विसरते, कबूल. पण हिरव्यात पिवळा किती घालायचा ते विसरलेली नाही. म्हणजे आत काहीतरी शाबूत आहे. जे शाबूत आहे त्याला कुंपणात कशाला ठेवायचं?"

पूर्णिमाने आत डोकावून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. रणगाडा पूर्ण होऊ दे. तोपर्यंत मी बोलणार नाही."

दुसरा कोणी असता तर त्याने काम रेंगाळत ठेवलं असतं. रंगनाथरावांना ते सुचलंच नाही. उलट, एकदा हा पुरा झाला की पुरावाच होईल, मग कोण काय बोलेल, असं त्यांना वाटे. चाकं झाली, बाजूचे पत्रे झाले, दसऱ्याला मधला भाग, दिवाळीनंतर वरचा, तोफेचा बुरूज. प्रत्येक वेळी कौशल्या ओट्याशी उभी राहून रंग कालवी. हल्ली तिला वेळ लागे, मध्येच काडी धरून ती खिडकीबाहेर बघत राही, पण झाकण द्यायची. रंगनाथरावांना प्रत्येक झाकणातला रंग आधीच्यासारखाच दिसे. शेवटी बुरुजातून अर्धा बाहेर आलेल्या नखाएवढ्या अधिकाऱ्याचा चेहरा राहिला. तोही रंग तिने दिला आणि त्यांनी भिंगाखाली श्वास रोखून भरला.

रविवारी पूर्णिमा आली. रंगनाथरावांनी रणगाडा टेबलावर मधोमध ठेवला होता आणि शेजारी कौशल्येला बसवलं होतं. पूर्णिमाने वाकून पाहिलं. उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

त्या रात्री रंगनाथराव कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. विषय तिने काढलाच नव्हता.

तो आनंद एकट्याने कुठे ठेवणार? त्यांनी नागोरावांना बोलावलं. नागोराव रंगनाथरावांच्याच शाळेत चित्रकला शिकवत, मूळचे विदर्भातले, पण कसबा पेठेत इतकी वर्षं काढलेली की जीभ पुरती पुणेरी झाली होती. रंगांचं मनापासून कौतुक करील असा त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता.

नागोराव खुर्चीत टेकायच्या आतच रणगाड्याकडे बघून म्हणाले, "कुठल्या सैन्याचा हो हा, रंगनाथराव? वीटभट्टीच्या?"

रंगनाथराव हसले. नागोरावांचं बोलणं तसंच असे.

"आणि या साहेबांना काय झालंय? कावीळ उतरून पोपट झालाय त्यांचा."

"रंग मी केलाय," कौशल्या म्हणाली. तिने मान ताठ केली होती.

नागोरावांचा चेहरा बदलला. "असं होय? मग बरोबरच असणार, वहिनी. माझे डोळे गेले आता. मोतीबिंदू." एवढं बोलून त्यांनी चहा घाईघाईने संपवला. नागोराव कधी कुणाला 'बरोबर असणार' म्हणाले नव्हते. चाळीस पोरांच्या चाळीस चित्रांत ते चूक काढत.

रंगनाथरावांनी शेजारच्या बाईंना जरा कौशल्येजवळ बसायला सांगितलं आणि नागोरावांना पोचवायला खाली गेले. गेटपाशी रिक्षांची रांग होती. त्यांनी नागोरावांचा दंड धरला.

"खरं सांगा."

"जाऊ द्या हो. खेळणं ते."

"नागोराव, मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. कुठला भाग कसा आहे ते सांगा, खालून वर."

नागोरावांनी टोपी काढून हातात घेतली. "चाकं आणि तळ उत्तम हिरवा. मलाही असा साधला नसता. बाजूचे पत्रे जरा मातकट. मधला भाग तपकिरी. वर बुरूज सगळा गेरू, देवळाच्या भिंतीसारखा. आणि त्या माणसाचं तोंड हिरवं."

रंगनाथरावांनी बोटांवर मोजलं. श्रावण, दसरा, दिवाळी. कोणता भाग कधी रंगवला ते त्यांना पाठ होतं. इतके महिने भिंग लावून त्यांनी स्वतःच्या हाताने, पातळ थर देऊन, तिचं जाणं रंगवलं होतं आणि ज्यांना ते दिसत नव्हतं असे घरात एकटे तेच होते.

"डॉक्टरांना दाखवलंय ना?" नागोरावांनी विचारलं.

"दाखवलंय."

"मग…" नागोरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते रिक्षात बसले.

वर न जाता रंगनाथरावांनी वॉचमनच्या बाकावर बसून पूर्णिमाला फोन लावला.

"तुला दिसलं होतं," ते म्हणाले.

पलीकडून नुसता ऑफिसचा आवाज येत राहिला. मग दार लागल्यासारखं झालं आणि सगळं शांत झालं.

"हो बाबा."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती दिवसांनी खूश दिसत होतात. कसं बोलणार?"

"मास्तरच्या पोरीने चूक दाखवायची असते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गातला. "त्या वाघोलीच्या लोकांशी बोलून ठेव. जागा आहे का विचार."

"बाबा, आजच ठरवायला नको. आपण एखादी बाई ठेवून बघू, दिवसभराची."

"तू जाऊन पाहून आलीस तेव्हा तुला माहीत होतं. मला आत्ता कळलंय, एवढंच. रविवारी ये, तोवर विचारून ठेव."

वर आले तेव्हा शेजारच्या बाई निघाल्या. कौशल्या दारातच उभी होती.

"कुठे गेला होतात?"

"खाली. पूर्णिमाशी बोलत होतो. रविवारी येतेय ती."

"येऊ दे की. पुरण घालते. तिला आवडतं."

एका झटक्यात नाव, नातं, आवड, सगळं जागेवर होतं. रंगनाथरावांना वाटलं, आत्ता फोन लावावा आणि म्हणावं, थांब. त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा.

कौशल्या स्वयंपाकघरात गेली होती. आतून डबा उघडल्याचा आवाज आला, मग भांड्याचा, मग शेगडीच्या खटक्याचा, एकदा, दोनदा, आणि मग काहीच नाही. वास आला तसे ते धावले. ज्योत नव्हती, शेगडी सुरू होती. त्यांनी आधी शेगडीचं बटण फिरवलं, मग खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि खिडकी उघडली. कौशल्या भांड्यात दोन्ही हात घालून उभी होती. भांड्यात डाळ नव्हती, साबुदाणा होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी काय करत होते?"

"काही नाही," रंगनाथराव म्हणाले. "चल, बाहेर बसू."

तिचे हात त्यांनी नळाखाली धरून धुतले, पुसले आणि तिला बाहेर आणून बसवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी घातली.