वाचण्याजोगे काही नाही

साहेबांनी पुस्तक टेबलावरून पुढे सरकवलं, तेव्हा वामनरावांनी आधी लेखकाचं नाव वाचलं आणि मग चेहरा सांभाळला. आधी चेहरा सांभाळायला हवा होता, असं त्यांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

अमरावतीच्या कचेरीत वामनराव इंग्रज साहेबांच्या हाताखाली भाषांतराचं काम करत. मराठी आणि फारशी अर्ज इंग्रजीत, इंग्रजी हुकूम मराठीत, असा त्यांचा दिवस जायचा. तिकडे अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढत होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव चढला होता. ज्याने कधी नागपूरही पाहिलं नव्हतं, तो माणूस अमरावतीच्या बाजारात उभा राहून अमेरिकेबद्दल बोलायचा. अशात हे पुस्तक आलं होतं. अमेरिकेतील राज्यांचा तंटा आणि राष्ट्राराष्ट्रांमधले करार, असा त्याचा विषय. मराठीत, मुंबईत छापलेलं. लेखक इनायतुल्ला काजी, बाळापूरकर, अकोल्याच्या सरकारी शाळेतले मास्तर.

साहेबांनी विचारलं, या गृहस्थाला ओळखता का? वामनराव म्हणाले, बाळापूरचे आहेत, नाव ऐकून आहे.

वामनरावही बाळापूरचेच. दोघांनी एकाच मौलवींपुढे बसून फारशी गिरवली होती, मान आणि म्हैस नद्यांच्या संगमावर एकत्र पोहले होते, पुढे इंग्रजीही एकाच मोडक्या पुस्तकातून शिकले होते. एवढं सगळं त्यांनी 'नाव ऐकून आहे' या तीन शब्दांत बसवलं. साहेबांनी मान हलवली आणि पुस्तक वाचून त्यात सरकारला आक्षेपार्ह काही आहे का, ते लेखी कळवायला सांगितलं. सत्तावन्न सालच्या गडबडीला फार दिवस झाले नव्हते. एका काजीने राज्यकारभारावर पुस्तक लिहिलं म्हटल्यावर कचेरीत भुवया वर जाणारच होत्या.

खोलीबाहेर आल्यावर वामनरावांच्या डोक्यात पहिला किडा शिरला. साहेबांना आपली मैत्री ठाऊक असेल तर? मग ही परीक्षा पुस्तकाची नव्हती.

दुसरा किडा घरी पोचेपर्यंत शिरला. इनायतने हे पुस्तक आपल्याला पाठवलं का नाही?

सुटीच्या दिवशी सकाळी ते माजघरात बसून वाचू लागले. ओट्यावरची नेहमीची जागा सोडून ते आत का बसले, म्हणून त्यांच्या बायकोने, रुख्मिणीने, दोनदा डोकावून पाहिलं. पुस्तक सोपं नव्हतं, पण पक्कं होतं. राज्याराज्यांत करार कसे होतात, एकत्र आलेल्या राज्यांना पुन्हा वेगळं होता येतं का, दुसऱ्यांच्या लढाईत इंग्लंडने अलिप्त राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सगळं इनायतने मराठीत बसवलं होतं. जिथे शब्द नव्हते तिथे त्याने फारशीतून, संस्कृतातून, प्रसंगी कास्तकाराच्या बोलीतून शब्द उचलले होते. वाचता वाचता वामनरावांना हेवा वाटला. मग तिसरं प्रकरण आलं.

त्यात इनायतने चारशे वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगितली होती. डेन्मार्कच्या राजाची मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली. हुंड्याची रक्कम जमेना, म्हणून समुद्रातली काही बेटं गहाण म्हणून जावयाच्या ताब्यात दिली. पुढे डेन्मार्कचे राजे रक्कम घेऊन उभे राहिले, बेटं परत मागत राहिले, आणि दर वेळी त्यांना काही ना काही सबब सांगितली गेली. खाली इनायतचं एकच वाक्य होतं: गहाण ठेवलेल्या मुलखाची मालकी कोणाची, हे कागदावर एक असतं आणि कचेरीत दुसरं.

वामनरावांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. हैदराबादच्या फौजेचा खर्च थकला म्हणून निजामाने दहा-अकरा वर्षांपूर्वी कोणता मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता, ते वऱ्हाडात राहणाऱ्या कोणालाही सांगायची गरज नव्हती. ते त्याच मुलखात, माजघरात बसले होते.

त्यानंतर त्यांना सरळ वाचताच येईना. प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरं वाक्य दिसू लागलं. 'दूरच्या मालकाला' म्हणजे कोणाला? पर्जन्याबद्दलचा एक साधा परिच्छेद त्यांनी तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा त्यांना त्यातही काहीतरी सापडलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात खुशालरावांच्या आडतीवर गेले. पुस्तक छापायच्या आधी ज्या व्यापाऱ्यांनी इनायतला वर्गणी दिली, त्यांत खुशालराव पहिले होते. पुस्तक गादीशेजारी देवाच्या तसबिरीखाली ठेवलेलं होतं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. वामनरावांनी सहज चाळल्यासारखं केलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती कोणी उघडलीच नव्हती.

खुशालरावांनी त्यांना हळूच विचारलं, "लढाई कदी सरते, ते कोणत्या पानावर हाये?"

तसं पुस्तकात काही नाही, असं वामनरावांनी सांगितलं. खुशालरावांचा विश्वास बसला नाही. एवढं लिहिणाऱ्या माणसाला शेवट ठाऊक नसेल कसा, मुंबईच्या कोण्या पेढीने त्याला गप्प बसवलं असणार, असं त्यांचं मत होतं. मग त्यांनी वामनरावांकडे निराळ्याच नजरेने पाहिलं आणि कचेरीतला माणूस या पुस्तकाची चौकशी काहून करून राहिला, ते विचारलं. वामनराव काहीतरी पुटपुटून निघाले, पण ही गोष्ट आता अकोल्याच्या पहिल्या बैलगाडीबरोबर जाणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी मावशी आजारी असल्याचं सांगून रजा घेतली आणि दमणीला बैल जुंपून अकोला गाठलं. वाटभर कापसाच्या गाड्यांची रांग होती. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला एक अनोळखी माणूस फार मोकळेपणाने गप्पा मारायला आला, तर वामनरावांनी त्याला आपलं नावदेखील खोटं सांगितलं.

इनायतुल्ला दारातच उभा होता. तो वामनरावांना पाहून हसला नाही आणि त्याला नवलही वाटलं नाही. बातमी खरंच आधी पोचली होती. बैठकीत बसल्यावर आतून हलीमाबीने, त्याच्या बायकोने, दूध पाठवलं. पडद्यामागे ती तिथेच थांबली आहे, हे वामनरावांना बांगड्यांवरून कळलं.

"साहेबानं धाडलं काय तुले?" इनायतुल्लाने विचारलं.

"पुस्तक साहेबानं देलं. आलो मी मायाच मनानं."

"वाचलं?"

"सारं वाचलं."

इनायतुल्लाला हे खरं वाटलं नाही. मग वामनरावांनी डेन्मार्कच्या राजाचं नाव घेतलं, बेटांबद्दल विचारलं, अलिप्त राष्ट्राने बंदरं कोणाला उघडी ठेवायची याबद्दल सातव्या प्रकरणात दिलेलं कारण आपल्याला पटत नाही, असंही सांगितलं. इनायतुल्लाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो पुढे सरकून बसला. त्याने उलट प्रश्न केला, वामनरावांनी उत्तर दिलं, आणि दूध तसंच राहून गेलं. दुपार कलली तरी दोघं बंदरांवर भांडत होते. मौलवींच्या ओसरीवर ते असेच भांडायचे.

"इतक्या लोकायनं पुस्तक घेतलं," इनायतुल्ला शेवटी म्हणाला, "पण वाचलं त तू एकट्यानंच. अन् तेबी साहेबानं सांगतलं म्हणून."

वामनरावांनी आता मनातलं विचारलं. एक प्रत आपल्याला का नाही पाठवली? इनायतुल्लाने सांगितलं, की वामनरावांच्या नावाची प्रत बांधून तयार होती. हलीमा म्हणाली, कचेरीतल्या माणसाच्या घरी हे पुस्तक सापडलं तर त्याची नोकरी जाईल. म्हणून पाठवली नाही.

"का मी साहेबाले जाऊन दाखवीन म्हणून?"

"दोनी," इनायतुल्ला म्हणाला. "तुयाशी काहून खोटं बोलू."

ते ऐकून वामनरावांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी आवाज खाली आणला आणि तिसऱ्या प्रकरणातला मुलूख म्हणजे वऱ्हाडच ना, असं विचारलं. पडद्यामागच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"तुले काय वाटते?" इनायतुल्लाने उलट विचारलं.

मग तो वामनरावांना पोचवायला उठला. वामनराव साहेबांना काय लिहिणार, हे त्याने विचारलं नाही. निरोप देताना त्याने खांद्यावर हात ठेवला, पण हात ठेवायच्या आधी तो जरा थबकला, हे वामनरावांनी पाहिलं. परतीच्या वाटेवर त्यांना सगळ्या बोलण्यापेक्षा तेवढंच आठवत राहिलं.

अभिप्राय लिहायला बसले तेव्हा त्यांनी सगळ्या वाटा तपासल्या. पुस्तक विद्वत्तापूर्ण आहे असं लिहावं, तर साहेब ते इंग्रजीत करून वर पाठवायला सांगतील आणि तिसरं प्रकरण हैदराबादच्या रेसिडेन्सीपर्यंत जाईल. निरुपद्रवी आहे एवढंच लिहावं, तर कशावरून, असं विचारतील. पुस्तकाकडे पुन्हा कोणी वळूनच पाहू नये, अशी एकच वाट उरत होती. त्यांनी लिहिलं: इंग्रजी वर्तमानपत्रांतील जुन्या मजकुराचे हे भाषांतर असून ग्रंथकाराचा स्वतःचा विचार कोठे आढळत नाही. भाषा बोजड. वाचण्याजोगे काही नाही. सरकारने दखल घेण्याचे कारण दिसत नाही.

साहेबांनी कागद वाचला आणि वर पाहिलं.

"तिसऱ्या प्रकरणात काय आहे?"

म्हणजे साहेबांनी दुसऱ्या कोणाकडून आधीच वाचून घेतलं होतं, किंवा नुसताच खडा टाकून पाहिला होता. ते म्हणाले, उत्तरेकडच्या समुद्रातल्या बेटांची माहिती आहे, भूगोलासारखी. कंटाळवाणी आहे. साहेब त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सही केली आणि दुसरा कागद ओढला. त्यांना काय ठाऊक होतं आणि त्यांनी काय सोडून दिलं, हे वामनरावांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. साहेबांची बदली होईपर्यंत ते प्रत्येक हुकूम उलटसुलट वाचत राहिले.

प्रकरण मिटलं असं वाटलं होतं. पण इनायतुल्लाने शाळांमध्ये बक्षिसासाठी पुस्तकं घ्यावीत असा अर्ज केला होता, आणि शाळाखात्याने कचेरीतला अभिप्राय मागवून घेतला. अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीच्या उत्तरात वामनरावांची वाक्यं जशीच्या तशी उतरली होती. खाली नाव नव्हतं. ते घालायची गरजही नव्हती; पुस्तक कोणाकडे आलं होतं, हे इनायतला ठाऊकच होतं.

अकोल्याहून अधूनमधून येणारे निरोपही थांबले. वामनरावांनी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. कागदावर लिहिलं तर पत्र कोण उघडेल याची भीती, आणि लिहिलं तरी इनायतला ते पटेल कशावरून, ही शंका. जो माणूस पुस्तक वाचून दुपारभर भांडतो आणि मागून असं लिहितो, त्याने हेव्यापोटी लिहिलं असं कोणालाही वाटेल. हेवा वाटला होता, हेही खोटं नव्हतं. पुढे पुढे त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली.

मग एका उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपली. भाव पडायला आधीच लागले होते, आता ते कोसळले. लढाईचा शेवट पुस्तकात मुद्दाम दाबून ठेवला होता, असं खुशालराव भेटेल त्याला सांगत सुटले.

आगगाडी बडनेऱ्याला आली त्या साली वामनराव एका कामासाठी स्टेशनावर गेले होते. गाडीतून उतरणाऱ्यांत इनायतुल्ला दिसला. दाढी पांढरी होऊ लागली होती. तो बाजूने निघून जाऊ शकला असता, पण थांबला. दोघं मालाच्या गाठींपाशी उभे राहिले.

"एकच सांग मले," तो म्हणाला. "ते तू मले वाचवाले लेहलं, का तुले खरंच तसं वाटलं?"

वाचवायला, असं वामनरावांनी सांगितलं. इनायतुल्लाने मान हलवली. विश्वास बसल्याची ती मान नव्हती. दुसरं उत्तर तरी कोण देईल, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. पुस्तक उत्तम होतं, असं म्हणावं म्हणून वामनरावांनी तोंड उघडलं आणि ते शब्द त्यांना स्वतःलाच पोकळ वाटले.

"पाचवं प्रकरण कच्चं हाये तुयं," ते म्हणाले.

इनायतुल्लाने झटकन वर पाहिलं.

विलायतेतल्या गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी राहिले, आणि तरी त्यांतल्या कित्येकांनी गुलामी ठेवणाऱ्या दक्षिणेची बाजू घेतली नाही, याला तू चार ओळी दिल्यास, वामनराव म्हणाले. राजे, वकील, करार यांवर पानंच्या पानं, आणि ज्यांच्या पोटाला चिमटा बसला त्यांच्यावर चार ओळी. हे अभिप्रायात लिहिलं असतं, तर मी मन लावून वाचलंय हे साहेबांना कळलं असतं.

"मुंबईहून कागद आले त्यात तेवढंच होतं," इनायतुल्ला चिडून म्हणाला. "मी काय मनचं लेहू?"

"मांगवाचे होते अजून कागद."

"कोणापासून मांगवू? तुयापासून?"

त्याचा आवाज चढला होता. शेजारचे हमाल वळून पाहू लागले. इनायतुल्लाने हातातली पिशवी गाठीवर ठेवली, आणि मजुरांबद्दल त्याला पुढे काय काय वाचायला मिळालं होतं ते बोटांवर मोजून सांगू लागला. वामनरावांनी दुसऱ्याच मुद्द्याला हरकत घेतली. अमरावतीला जाणाऱ्या दमण्या एकेक करून निघून गेल्या. शेवटची तेवढी उरली, तेव्हा दोघं तिच्यात बसले, आणि तिकडेच जायचं आहे का, हे कोणी कोणाला विचारलं नाही.