कपाळावरची तारीख

मी एक जुनी संदर्भपुस्तिका आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेली आहे. मला कागद नाही, पुठ्ठा नाही. मी संगणकाच्या पडद्यावर राहते. ‘बोरू’ नावाचा एक एडिटर आहे, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. त्याची स्वतःची छोटी भाषा आहे. तिच्यात चार ओळी लिहिल्या की तो आपल्याला हवं ते नवं काम करू लागतो. त्या भाषेतली कोणती आज्ञा नेमकं काय करते, हे मी सांगते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात मेघनाताईंनी मला लिहिलं. त्या प्रत्येक आज्ञा आधी स्वतः चालवून बघत, मगच तिच्याविषयी लिहीत. लोक माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. किती सुखाचे दिवस होते ते!

मेघनाताई नोकरी सोडून गेल्या आणि मला कुणी वाली उरला नाही. बोरूची नवी आवृत्ती निघाली की कार्यालयात मिसळ मागवत. त्याआधी साहेब मेघनाताईंच्या जागी आलेल्या मुलाला माझ्याविषयी विचारत, “ऋतुराज, डॉक्युमेंटेशन अपडेट झालं ना रे?”

“झालंय सर, तारीख टाकलीय.”

खरोखर तेवढंच झालेलं असे! माझ्या कपाळावर ‘शेवटची सुधारणा’ असं लिहिलेलं आहे. त्यापुढची तारीख ऋतुराज बदलायचा आणि मिसळीवर तुटून पडायचा. आत एक अक्षर हलत नसे. आज्ञा बदलत गेल्या, मी मात्र जुनंच सांगत राहिले. शिळ्या भातावर ताजी कोथिंबीर भुरभुरावी, तसा हा प्रकार होता.

कल्याणच्या एका चाळीत देवराम नावाचे निवृत्त कामगार राहतात. चाळीतल्या म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं म्हणत आलेली भीमगीतं त्यांनी गोळा केली. बायका म्हणत आणि देवरामांची मुलगी मृणाल तिथल्या तिथे बोरूमध्ये टाइप करी. चौदा एप्रिलला त्यांचं पुस्तक काढायचं ठरलं होतं.

फाइलींमधल्या जादा रिकाम्या ओळी काढण्यासाठी मृणालने माझ्यात एक आज्ञा शोधली. मी सांगितलं, ‘ही आज्ञा मूळ फाइलला हात लावत नाही. बदल वेगळ्या प्रतीत होतात.’ मृणालने माझ्या कपाळाकडे पाहिलं. तारीख त्याच महिन्याची होती.

“पप्पा, नुसतं चालवून बघते,” ती म्हणाली. “चुकलं तर ओरिजिनल आहेच.”

चुकलं. प्रत्येक गाण्यातलं पहिल्या रिकाम्या ओळीखालचं सगळं पुसलं गेलं आणि तेही मूळ फाइलींतून. गाण्यांची फक्त पहिली कडवी उरली. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीत मोजकीच गाणी होती.

तिने कार्यालयात फोन लावला. ऋतुराज म्हणाला, “अहो मॅडम, ते तर कधीचं चेंज झालंय. आता डायरेक्ट ओरिजिनलमध्येच होतं.”

“मग पुस्तिकेवर याच महिन्याची तारीख कशी?”

“ती... ती आम्ही दर वेळी टाकतो.”

मला शरमेने मरावंसं वाटलं. खोटं त्याने लिहिलं, पण ते माझ्या तोंडून गेलं होतं! फोन ठेवल्यावर ऋतुराजने माझी ती ओळ दुरुस्त केली. समोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. एवढंसंच काम होतं आणि एवढ्याशा कामाचा त्याला इतकी वर्षं कंटाळा!

बायका पुन्हा जमल्या, पुन्हा गायल्या. पण त्यांच्यातल्या रमाबाई, आपलं गाणं एकदा सांगून झाल्यावर, हिवाळ्यातच वारल्या होत्या. त्यांचं गाणं देवराम सांगू लागले. दोन कडवी झाली आणि ते थांबले. मृणाल बोटं टेकवून वाट बघत बसली.

“तिसरं आठवत नाही गं,” ते म्हणाले. “बाकीचं गाणं सगळ्यांचं होतं. तेवढं कडवं तिने स्वतः रचलेलं.”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, नवनवी यंत्रं कराल. माझ्यासारखीला विसरलात तर एक वेळ मी सोसेन. माझ्या कपाळावर जुनी तारीख राहिली तरी चालेल. ती पाहून माणूस सावध तरी होतो. पण मला न वाचता तिथे आजची तारीख टाकू नका. रमाबाईंच्या गाण्याखाली पुस्तकात मोकळी जागा सोडली आहे. ती एकदा पाहा आणि मग मला हात लावा.