मोरिता-सानच्या खोलीतली धूळ

धूळ म्हणजे काळाने वस्तूंवर अंथरलेली विस्मृती, असं लिहायला बरं वाटतं. केंब्रिजमधल्या आमच्या रसायन विभागात, मोरिता-सानच्या खोलीतली धूळ मात्र नोकरीवर होती.

ओसाकाहून तरुणपणी आलेल्या या बाईंनी बनवलेला एक पदार्थ मधासारखा चिकट राही. काही केल्या त्याचे स्फटिक होत नसत. एका हिवाळ्यात त्यांच्या चंबूत ते झाले. तेव्हापासून त्या स्फटिकांचे अदृश्य कण त्या खोलीत रेंगाळत राहिले. नवा चंबू तिथे उघडा ठेवला की एखादा कण आत पडे आणि त्याच्याभोवती सगळा मध स्फटिक होऊन शिस्तीत उभा राही. लीड्सच्या प्रयोगशाळेत ही धूळ नव्हती; तिथे पाठवलेला मध मधच राहिला. म्हणून मोरिता-सान खिडकी उघडत नसत, आणि सफाईवाल्या ब्रेंडाला दारातूनच परत पाठवत. "अशा आणखी चार बायका विभागात घ्या," काम वाचल्याच्या खुशीत ब्रेंडा म्हणे. दुपारच्या फिक्या उजेडात मोरिता-सान काचेवर वाकून वाट पाहत. त्यांचं सारं आयुष्य त्या वाकण्यात गेलं.

निवृत्तीआधी एकच काम उरलं होतं. नियतकालिकाच्या परीक्षकांना ताजा स्फटिक हवा होता. त्याशिवाय त्यांचा शोध मान्य होणार नव्हता. ईस्टरच्या सुट्टीत त्या आईला भेटून आल्या, तर विभागप्रमुखांनी त्यांना सर्वांसमक्ष खोलीपाशी नेलं. भिंती पांढऱ्याशुभ्र. जुने स्फटिक ठेवलेल्या, पुसट लेबलांच्या कुप्या गायब. खिडकी सताड उघडी. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी. टाळ्या वाजवता वाजवता माझे हात मध्येच थांबले.

मोरिता-साननी कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. स्वच्छ होतं.

"कुलकर्णी-सान," त्या हळूच मला म्हणाल्या, "यांनी व्हॅक्यूमसुद्धा केलंय का?"

"दोनदा," विभागप्रमुख अभिमानाने म्हणाले.

"फार आभारी आहे," म्हणून त्या वाकल्या. वर यायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढे निवृत्तीपर्यंत त्यांनी रोज चंबू उघडा ठेवला. मध मधच राहिला.

माणूस गेल्यावरही त्याचं काहीतरी जागेत तरंगत राहतं, असं आपण म्हणतो. इथे ते खरोखरच तरंगत होतं. आता ती खोली मीटिंगसाठी मिळते. पाटीखालच्या सूचनेप्रमाणे, जाताना टेबल पुसायचं असतं.